सैंधवाचा पर्वत

कोल्हापूरच्या बाजारात किराण्याच्या दुकानी दोन प्रकारचे मीठ मिळते. एक समुद्राचे, पांढरे. रोजच्या आमटीभाकरीत पडते ते हे. दुसरे फिकट गुलाबी खड्यांचे; त्याला सैंधव किंवा शेंदेलोण म्हणतात. एकादशीच्या किंवा नवरात्राच्या उपवासाला पुष्कळ घरी हेच मीठ वापरतात, आणि आजीबाईच्या बटव्यातही त्याला मानाची जागा असते. दोन्ही मिठे खारट, दोन्ही पाण्यात सारखीच विरघळणारी; परंतु दोहोंच्या जन्मकथा अगदी निराळ्या आहेत. पहिले मीठ समुद्राच्या काठी उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत तयार होते. दुसरे पर्वताच्या पोटातून खणून काढावे लागते, आणि त्याचे वय कोट्यवधी वर्षांचे असते.

‘सैंधव’ या शब्दातच त्याच्या माहेराचा पत्ता आहे. सिंधू नदीच्या प्रदेशात जे उत्पन्न होते ते सैंधव. त्या प्रदेशातील घोडेही फार प्रसिद्ध होते. त्यामुळे संस्कृत भाषेत या एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले : मीठ आणि घोडा. प्रसंग पाहून शब्दाचा अर्थ कसा करावा, हे शिष्यांना समजावून देताना जुने शास्त्रकार याच शब्दाचे उदाहरण देत. जेवायला बसलेल्या धन्याने ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ आणावे. प्रवासाला निघालेल्या धन्याने तेच म्हटले तर घोडा आणावा. नुसता शब्द ऐकून जो धावेल, त्याची मोठी फजिती व्हावयाची!

मीठ मूळचे समुद्रातले. मग ते समुद्रापासून शेकडो कोस दूर, पर्वताच्या पोटात जाऊन कसे बसले? आणि ते पर्वतातच सापडत असेल, तर कोल्हापूरच्या पाठीशी उभ्या असलेल्या सह्याद्रीत ते का सापडू नये? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधावयाची, तर पर्वत कसे घडतात हे पाहिले पाहिजे.

आरंभ सह्याद्रीपासूनच करावा. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या डोंगराकडे लांबून पाहिले, तर त्याचा माथा सपाट दिसतो आणि उतारावर एकाखाली एक अशा आडव्या पायऱ्या दिसतात. या पायऱ्या म्हणजे लाव्हारसाचे थर होत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. तो पाण्यासारखा चहूकडे पसरला व थिजला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा आला. अशा थरांवर थर साचून हा काळ्या पत्थराचा प्रदेश तयार झाला. पुढे पश्चिमेकडील बाजू तुटून झिजत गेली आणि तिचा उभा कडा मागे राहिला, तोच सह्याद्री. रंकाळा तलावाच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती असे सांगतात. तो दगडही हाच. जो खडक आगीतून जन्मला, त्यात समुद्राने मागे ठेवलेले मीठ कोठून असणार? सह्याद्रीने आपल्या माथ्यावर जांभा दिला, राधानगरी व शाहूवाडी या भागांत बॉक्साइट दिले. मीठ मात्र त्याने दिले नाही.

म्हणूनच देशावरच्या लोकांना मिठासाठी नेहमी कोकणाकडे पाहावे लागले. आगगाडी आणि मोटार येण्यापूर्वी वंजाऱ्यांच्या बैलांचे तांडे घाट उतरून जात आणि पाठीवर मिठाच्या गोण्या लादून पुन्हा घाट चढून येत. फोंड्याचा घाट, आंब्याचा घाट, बावड्याचा घाट या साऱ्या वाटांवर मिठाची ये-जा असे. मिठाचे महत्त्व राज्यकर्तेही ओळखून होते. गोव्याजवळच्या बारदेशातील स्वस्त मिठामुळे स्वराज्यातील मिठाचा व्यापार बुडू नये, म्हणून शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सुभेदारास पत्र लिहून त्या परक्या मिठावरील जकात वाढविण्यास सांगितले होते. पुढे १९३० साली मिठावरील अन्यायी कराविरुद्ध देशभर सत्याग्रह झाला, तेव्हा महाराष्ट्रातील सत्याग्रहींनी कोकणातील शिरोड्याच्या मिठागरांकडेच धाव घेतली.

आता ज्या पर्वतात मीठ आहे त्याकडे वळू. पंजाबात झेलम आणि सिंधू या दोन नद्यांच्या दरम्यान डोंगरांची एक लांब, वाकडी रांग पसरली आहे. तिला मिठाची पर्वतरांग असेच नाव आहे. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा हा प्रदेश पाकिस्तानात गेला. या रांगेतील सकेसर हे सर्वांत उंच शिखर सुमारे दीड हजार मीटर उंच आहे. दक्षिणेकडून, सपाट मैदानातून येणाऱ्या प्रवाशाला ही रांग एकदम भिंतीसारखी उभी राहिलेली दिसते. भिंतीच्या पायथ्याशी लाल माती, आणि त्या मातीत पांढरे, गुलाबी, तांबूस मीठ. लोहाचा अंश मिसळल्यामुळे मिठाला ही लाली येते. येथेच खेवडा नावाची प्रसिद्ध खाण आहे. ख्रिस्तपूर्व ३२६ मध्ये सिकंदर या भागात आला असता त्याच्या सैन्यातील घोडे येथील दगड चाटू लागले, आणि त्यावरून मिठाचा शोध लागला, अशी एक दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो; सैंधव या शब्दाचे मीठ व घोडा हे दोन्ही अर्थ तिच्यात एकत्र आले आहेत, एवढे खरे. भारतात खपणाऱ्या सैंधवापैकी फार मोठा भाग याच डोंगरांतून येत असे. २०२५ साली भारताने पाकिस्तानातून होणारी सर्व आयात बंद केली.

या डोंगरातील मीठ सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीचे, किंवा त्याहूनही थोडे जुने आहे. त्या वेळी हिमालय नव्हता, सह्याद्री नव्हता. जमिनीवर झाड नव्हते, पक्षी नव्हता, पशू नव्हता. जी काही जीवसृष्टी होती ती पाण्यात होती. आज जेथे हे डोंगर आहेत, तेथे एक उथळ समुद्र पसरला होता. मोठ्या समुद्राशी त्याचा संबंध फार थोडा होता आणि वर ऊन प्रखर होते. कोकणातील मिठागरात जे घडते, तेच तेथे अफाट प्रमाणावर घडले. मिठागराच्या उथळ वाफ्यांत समुद्राचे पाणी घेतात. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि मीठ तळाशी बसते. त्या प्राचीन समुद्राचेही पाणी आटत गेले व मीठ खाली बसत गेले.

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सुमारे २७ ग्रॅम आपले नेहमीचे मीठ असते. या हिशेबाने १०० मीटर खोल समुद्र तळापर्यंत आटला, तरी मिठाचा थर जेमतेम सव्वा मीटर जाडीचा होईल. परंतु पंजाबातील या रांगेत मीठ व लाल माती यांचा एकत्र थर शेकडो मीटर जाड आहे. याचा अर्थ असा, की तो समुद्र एकदा आटून संपला नाही. बाहेरून पुन्हा पुन्हा पाणी आत आले आणि पुन्हा पुन्हा आटले. वाऱ्याने व ओढ्यांनी आणलेली माती मधून मधून मिठावर पसरली. असे लक्षावधी वर्षे चालले. नंतर त्यावर वाळू आली, चिखल आला, चुना आला. त्यांचे कठीण खडक बनले. मीठ खोल खोल गाडले गेले आणि कोट्यवधी वर्षे अंधारात पडून राहिले.

खोल गाडल्या गेलेल्या मिठाच्या अंगी दोन विलक्षण गुण दिसून येतात. पहिला गुण हलकेपणाचा. चिखल, वाळू यांच्यावर जसजसा भार वाढतो, तसतसे त्यांच्या कणांमधले पाणी पिळून निघते आणि ते दाट व जड होतात. मीठ मुळातच घट्ट स्फटिकांचे असल्यामुळे ते भाराखाली आणखी दाट होत नाही. म्हणून काही काळाने असे होते, की वरचे खडक जड आणि खालचे मीठ हलके. पाण्याखाली कोंडलेले तेल जसे वर येऊ पाहते, तसे हे मीठ वाट मिळेल तेथून वर येऊ पाहते.

दुसरा गुण वाहण्याचा. मिठाचा खडा हातोडीने फोडला तर त्याचे तुकडे होतात. तो वाहतो असे कोणी म्हणणार नाही. डांबराचे उदाहरण घ्यावे. थंडीच्या दिवसांत डांबराच्या गोळ्यावर घाव घातला तर तो तडकतो. परंतु तोच गोळा बरेच दिवस एका जागी ठेवला, तर आपल्याच भाराने हळूहळू पसरतो. घाईच्या आघाताला तो दगडासारखा वागतो आणि दीर्घ काळाच्या दाबाला द्रवासारखा. पृथ्वीच्या पोटातील प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत मीठ असेच वागते. ते वितळत नाही, घनच राहते, आणि तरीही वाहते. त्याचा वेग इतका मंद असतो, की माणसाच्या एका जन्मात तो डोळ्यांना दिसू नये. पण लक्ष वर्षांच्या हिशेबात तोच वेग फार मोठा ठरतो.

मिठाच्या या वाहण्याच्या गुणामुळेच पुढे पर्वताला मार्ग मिळाला. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, दक्षिणेकडून सरकत आलेला भारताचा भूखंड आशियाच्या भूखंडाला येऊन भिडला. तो भिडून थांबला नाही. आजही तो दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे रेटत आहे. या रेट्याने मधले खडकांचे थर चिरडले गेले, त्यांना घड्या पडल्या, ते तुटून एकमेकांवर चढले, आणि हिमालय उभा राहिला. अशा पर्वतांना घडीचे पर्वत म्हणतात. सह्याद्रीचे थर आडवेच्या आडवे राहिले आहेत; हिमालयाचे थर मात्र वाकले, उभे झाले, काही ठिकाणी तर उलटेही झाले.

रेटा लागल्यावर खडकांचे थर किती दूर सरकतील, हे त्यांच्या बुडाशी काय आहे यावर अवलंबून असते. कोल्हापूरच्या कोणत्याही स्वयंपाकघरात याचे उत्तर मिळेल. भाकरी थापताना परातीत आधी कोरडे पीठ पसरतात. त्या पिठावर भाकरी सहज फिरते, सरकते आणि मोडत नाही. पीठ पसरायचे विसरले, तर गोळा परातीला चिकटतो. हाताने ढकलले की त्याला सुरकुत्या पडतात आणि तो फाटतो. खडकांच्या थरांचेही असेच आहे. ज्या भागात थरांच्या बुडाशी मीठ नव्हते, तेथे रेटा लागताच थर जवळच्या जवळ चुरमडले आणि अरुंद, उंच, खडे डोंगर झाले. ज्या भागात बुडाशी मिठाचा थर होता, तेथे वरचे खडक एखाद्या विस्तीर्ण भाकरीसारखे अखंड सरकत गेले. रावळपिंडीच्या दक्षिणेस पोठवारचे पठार आहे. ते हिमालयाच्या पट्ट्यातच मोडते, तरी त्याचा मोठा भाग जवळजवळ सपाट आहे. कारण ते सारे पठार मिठावर बसून दक्षिणेकडे सरकले आहे.

मग या सपाट पठाराच्या दक्षिण टोकाला मिठाची रांग एकाएकी उंच का झाली? त्याचे कारणही जमिनीखालीच आहे. मिठाच्या थराच्या तळाशी अतिप्राचीन, कठीण खडकांची फरशी आहे. फार पूर्वी त्या फरशीला एक मोठी भेग पडून तिची उत्तरेकडची बाजू खचली होती. त्यामुळे तेथे एक उंबरठा तयार झाला होता. उत्तरेकडून सरकत आलेली खडकांची चादर त्या उंबरठ्याशी आली आणि अडली. मागून रेटा चालूच होता. तेव्हा ती चादर उंबरठा चढून वर आली आणि पुढच्या मैदानातील कोवळ्या गाळावर जाऊन पसरली. चढताना तिने आपल्या बुडाशी असलेले मीठही बरोबर वर आणले. हे सर्व गेल्या एक कोटी वर्षांच्या आतच घडले. पंचावन्न कोटी वर्षे अंधारात राहिलेल्या त्या मिठाने अशा रीतीने पुन्हा सूर्य पाहिला. या भागात पाऊस बेताचाच पडतो, म्हणून ते टिकून राहिले. गगनबावड्यासारखा पाऊस तेथे कोसळत असता, तर उघडे पडलेले मीठ केव्हाच वाहून गेले असते.

ही हकीकत आज सरळ सांगता येते. परंतु ती सहजासहजी हाती आलेली नाही. तिच्यासाठी विद्वानांना फार मोठा वाद करावा लागला. मिठाच्या वरती जे खडक आहेत, त्यांत ट्रायलोबाइट नावाच्या अतिप्राचीन सागरी प्राण्यांचे अवशेष सापडतात. खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा भूस्तरशास्त्राचा पहिला नियम. त्या नियमाने मीठ ट्रायलोबाइटांहूनही जुने ठरते. पण घडीच्या पर्वतात हा नियम डोळे मिटून लावता येत नाही. कारण तेथे जुने खडक सरकून नव्या खडकांवर चढून बसलेले असू शकतात. म्हणून काही भूस्तरशास्त्रज्ञांचे म्हणणे असे, की हे मीठ वास्तविक पाच कोटी वर्षांच्या आसपासचे, म्हणजे नवे आहे, आणि वरचे जुने खडक सरकून त्याच्यावर आलेले आहेत.

या वादात एका थोर भारतीय शास्त्रज्ञाने उडी घेतली. त्यांचे नाव बिरबल साहनी. मिठाच्या रांगेपासून फार दूर नसलेल्या भेरा या गावी १८९१ साली त्यांचा जन्म झाला. पुढे लखनौ विद्यापीठात प्राध्यापक असताना त्यांनी प्राचीन काळच्या वनस्पतींचा अभ्यास केला आणि जगभर कीर्ती मिळविली. त्यांनी मिठाचे व त्याच्या शेजारच्या खडकांचे नमुने घेतले, ते विरघळविले आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्या गाळात त्यांना वनस्पतींचे सूक्ष्म तुकडे आढळले. त्यांत लाकडाचेही कण होते. पंचावन्न कोटी वर्षांपूर्वी तर पृथ्वीवर लाकूडच नव्हते! तेव्हा मीठ नवे आहे, असे साहनींनी प्रतिपादन केले. १९४० नंतरच्या काही वर्षांत या प्रश्नावर विद्वानांच्या सभा झाल्या, दोन्ही बाजूंनी पुरावे मांडले गेले.

दुसऱ्या पक्षाने एक शंका काढली. मीठ पाण्यात विरघळते आणि पुन्हा स्फटिक बनते. मग वरून झिरपलेल्या पाण्याबरोबर हे कण मागाहून तर आत शिरले नसतील? शंका रास्त होती. काही ठिकाणी मीठ आणि त्यावरचा वालुकाश्म यांच्या सांध्याची बारकाईने पाहणी झाली, तेव्हा तेथे घासल्याच्या खुणा आढळल्या नाहीत; एका थरावर दुसरा शांतपणे साचलेला दिसला. पुढे १९८० नंतरच्या दशकात एक निराळी परीक्षा झाली. तेलाच्या शोधासाठी जमिनीत लहरी सोडतात. त्या लहरी निरनिराळ्या थरांवरून परत येतात, आणि त्यांवरून खोलवरच्या रचनेचे चित्र काढता येते. विहिरीत हाक मारली असता प्रतिध्वनीवरून तिच्या खोलीचा अंदाज करावा, तसाच हा प्रकार. त्या चित्रांत मिठाचा थर, त्याखालची फरशी आणि तो उंबरठा हे सारे दिसून आले. वरची चादर सुमारे वीस किलोमीटर तरी सरकली आहे, हेही कळले.

तेव्हा मीठ जुनेच ठरले. परंतु विरुद्ध पक्षाचे म्हणणे अगदीच वाया गेले असे नाही. खडक सरकले आहेत ही त्यांची कल्पना बरोबर होती. फक्त ती सरकण मिठाच्या वरच्या अंगाला नव्हती, ती मिठातच झाली होती. मीठ हे सरकणाऱ्या चादरीखाली सापडलेले नवे द्रव्य नव्हते. ज्याच्यावरून ती चादर सरकली, ते द्रव्यच मीठ होते. साहनी १९४९ साली वारले. त्यांनी स्थापन केलेली वनस्पती-अवशेषांच्या अभ्यासाची संस्था लखनौस आजही काम करीत आहे. आपले मत टिकावे म्हणून वस्तुस्थिती झाकावयाची नाही, उलट पुरावा सर्वांसमोर मांडावयाचा, ही खऱ्या शास्त्रज्ञाची रीत त्या वादात दोन्ही पक्षांनी पाळली. त्यामुळे जो निर्णय झाला तो कोणा एकाच्या विजयाचा ठरला नाही. ज्ञानात भर घालणारा ठरला.

मिठाचे हे वागणे जगात इतरत्रही दिसते. इराणच्या दक्षिणेस झाग्रोस नावाचे घडीचे पर्वत आहेत. तेथेही जवळजवळ याच काळातले मीठ पर्वताच्या थरांखाली गाडलेले होते. हलकेपणामुळे ते वर चढले, थरांना भेदून डोंगरमाथ्यावर बाहेर पडले, आणि काही ठिकाणी तर उतारावरून हिमनदीसारखे खाली वाहत आले आहे. मिठाची नदी, आणि तीही घन मिठाची! प्रसिद्ध होर्मुझ बेट हे समुद्रातून वर आलेले असेच मिठाचे उठाण आहे.

भारतातही या विषयाची दोन चांगली उदाहरणे आहेत. हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात गुमा व द्रंग येथे खडकातील मीठ सापडते. तेथे पर्वताच्या रेट्यात मीठ, माती आणि दगडांचे कण एकत्र कालवले गेले. म्हणून ते गुलाबी न दिसता करडे-जांभळे दिसते. याउलट राजस्थानात बिकानेर, नागौर, गंगानगर या भागांत जमिनीखाली शेकडो मीटर खोल मिठाचे थर आहेत. ते वयाने पंजाबातील मिठाचेच भावंड. परंतु तेथे पर्वत घडविणारा रेटा पोहोचला नाही. म्हणून ते थर आजही बहुतेक आडवे, शांत आणि खोल पडून आहेत. एकाच काळातले मीठ. एकाला पर्वताने डोंगरमाथी आणले आणि दुसरे वाळवंटाखाली झोपून राहिले.

खेवड्याची खाण फार जुनी असून मोगल काळातही तेथून मीठ काढीत असत. १८४९ साली पंजाब इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे १८७२ साली वॉर्थ नावाच्या अभियंत्याने डोंगराच्या पायथ्याशी सरळ आत जाणारा मोठा बोगदा खणविला आणि खाणीची व्यवस्थित आखणी केली. आज या खाणीतील बोगद्यांची एकूण लांबी सुमारे चाळीस किलोमीटर भरते. आत उन्हाळा नाही, हिवाळा नाही. वर्षभर सारखाच गारवा असतो. दिवा लावला की गुलाबी भिंती आतून उजळल्यासारख्या दिसतात. येथे मीठ काढण्याचा एक कडक नियम आहे. समोर जेवढे मीठ असेल, त्यातले निम्मे काढावयाचे आणि निम्मे खांबांच्या रूपाने जागीच ठेवावयाचे. कारण त्या खांबांवरच डोंगराचा भार तोललेला असतो. अधिक लोभ धरून खांब पोखरले, तर छत खाली येईल आणि काढलेले मीठही हाती राहणार नाही. पाण्याचेही तेथे मोठे भय. खांबाच्या बुडाशी झिरपा साचू दिला, तर मिठाचा खांब गुपचूप विरघळू लागतो.

मीठ ही साधी वस्तू. नखाने ओरखडा पडावा इतकी मऊ, पाण्याच्या थेंबात नाहीशी होणारी. तरीही पर्वतांच्या घडणीत ज्या ठिकाणी ती आहे, त्या ठिकाणी पर्वताची रुंदी, उंची आणि चाल तिच्यावरच ठरली. कठीण खडक रेट्याखाली मोडले. मीठ मात्र वाहिले, आणि आपल्या पाठीवर साऱ्या पठाराला वाट करून दिली. भूमीच्या पोटात बलवान कोण, हे कठीणपणावरून ठरत नाही. कोण कोणत्या जागी आहे आणि दीर्घ काळात कसा वागतो, यावरून ते ठरते.

अभ्यास

१. ‘सैंधव’ या शब्दाचे दोन अर्थ सांगा. ते एकाच शब्दाला कसे प्राप्त झाले?

२. सह्याद्रीत मीठ का सापडत नाही? कोल्हापूरकडे मीठ पूर्वी कसे येत असे?

३. भाकरी, डांबर आणि उंबरठा यांची उदाहरणे या पाठात कोणत्या गोष्टी समजावून देण्यासाठी आली आहेत?

४. मिठाच्या वयासंबंधी कोणता वाद झाला? त्यात प्रत्येक पक्षाचा पुरावा कोणता होता? शेवटी काय ठरले?

५. कारणे द्या : (अ) पोठवारचे पठार बरेचसे सपाट आहे. (आ) मंडीचे मीठ करडे-जांभळे दिसते. (इ) खेवड्याच्या खाणीत निम्मे मीठ जागीच ठेवतात.

६. वाक्यांत उपयोग करा : फजिती होणे, वाट करून देणे, डोळे मिटून, वादात उडी घेणे.

७. एका पसरट थाळीत मिठाचे दाट पाणी घेऊन ती उन्हात ठेवा. पाणी आटेपर्यंत रोज काय दिसते ते वहीत लिहा, आणि पाठातील प्राचीन समुद्राशी त्याची तुलना करा.